जुनी फायबरची बोट नव्याने उभी करताना: आधी आतलं लाकूड, रंग सगळ्यात शेवटी

विकायला काढलेल्या जुन्या मासेमारी बोटीचे फोटो बहुतेक वेळा धुऊन-पुसून, पॉलिश मारून काढलेले असतात. त्या चकाकीवरून काहीच कळत नाही. काचेचे धागे आणि ते बांधणारं रेझिन यांचं कवच चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा सहज टिकतं. कुजतं ते कवचाच्या पोटातलं लाकूड. इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, प्लायवूड असतं. डेकमध्ये, म्हणजे उभं राहायच्या फरशीत, प्लायवूड असतं. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, त्यांच्या आतही बहुतेक जुन्या बोटींत लाकूडच असतं. स्क्रूच्या एखाद्या उघड्या भोकातून पाणी झिरपतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि लाकडाचा भुसा व्हायला लागतो. वरून बोट ठणठणीत दिसत राहते.

त्यामुळे या कामात पायरी कोणतीही असो, प्रश्न एकच विचारायचा: इथून पाणी आत जाईल का, आणि गेलंच तर बाहेर कसं येईल? पुढचं सगळं साधारण चार ते सात मीटरच्या, आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या, उघड्या बोटीला धरून लिहिलं आहे.

घेण्याआधी: ठोकून, नाचून, भोक पाडून

सोबत प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घ्या, नाहीतर जाड स्क्रू ड्रायव्हरची मूठही चालते. तळ, बाजू, ट्रान्सम आणि डेक हातभर अंतराने ठोकत जा. शाबूत भागातून टणक, कोरडा ‘टक’ येतो. जिथे थर सुटले आहेत किंवा लाकूड भिजलं आहे तिथे ‘थप्’ असा दबका आवाज येतो. पाचेक मिनिटं ठोकलं की कानाला फरक आपोआप कळायला लागतो. अशा जागांभोवती खडूने गोल काढा. डेकवर टाचांवर जोर देत चाला. पाय किंचित दबला तर खालचं प्लायवूड गेलं असं समजा.

ट्रान्समची परीक्षा वेगळी. इंजिन लावलेलं असेल तर ते थोडं तिरपं उचलून त्याच्या खालच्या भागावर वजन टाका आणि हलकेच वर-खाली हलवा. भिंत वाकते का, कोपऱ्यांत केसासारख्या भेगा उघडझाप करतात का, ते दुसऱ्याला बघायला सांगा. मालकाची परवानगी मिळाली तर आतल्या बाजूने, अगदी खाली, तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडून बघा. कोरड्या लाकडाचा कीस फिकट आणि कुरकुरीत निघतो. काळपट ओला लगदा ड्रिलच्या पात्याला चिकटून आला, आंबूस वास आला, की संपूर्ण ट्रान्सम बदलायचा आहे हे धरूनच भाव बोला. मालक भोक पाडू देत नसेल, तरी ड्रेनच्या बुचाभोवतीचा एखादा स्क्रू काढून बघू द्यायला हरकत नसावी. तो स्क्रू गंजलेला आणि ओला निघाला तर उत्तर मिळालंच.

तळाला फोड असतील तर एक फोडून बघा, पण डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं. व्हिनेगरसारखा वास आला तर तो ऑस्मोसिस, म्हणजे कवचात मुरलेल्या पाण्याने आलेले फोड. थोडे फोड असतील तर घाबरायचं कारण नाही. उघडायचे, धुवायचे, वाळवायचे आणि इपॉक्सी रेझिनने भरायचे. फक्त वाळायला आठवडेच काय, कधी महिनेही लागतात, आणि तिथे घाई चालत नाही.

एक इशारा. काही बोटींत बाहेरचं कवच आणि आतलं कवच यांच्यामध्ये पूर्ण फोम भरलेला असतो. 1958 पासून बनणाऱ्या बॉस्टन व्हेलर बोटी या जातीतल्या सगळ्यात प्रसिद्ध. त्या बुडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण फोममध्ये पाणी गेलं की ते काढणं जिकिरीचं असतं. पहिलंच काम असेल तर भिजलेली अशी बोट घेऊ नका.

जागा, आधार आणि तोंडावरचा मास्क

छप्पर हवं, वारा खेळता हवा आणि शेजारी सोशिक हवेत. बोट दोन-तीन ठिकाणी टेकवून ठेवू नका. मधल्या कण्याखाली सलग आधार आणि दोन्ही बाजूंना रुंद गाद्या लावलेले टेकू द्या. डेक आणि स्ट्रिंगर काढल्यावर तळ लवचीक होतो. तेव्हा ट्रेलरच्या रोलरवर तो आत दबला आणि तशाच अवस्थेत नवे स्ट्रिंगर बसवले, तर तो बाक कायमचा राहतो. मग बोट पाण्यावर नीट उठत नाही, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

काचेची धूळ अंगाला खाजवते तेवढं चालून जातं, फुप्फुसात गेलेली चालत नाही. घासताना धुळीचा चांगला फिल्टर असलेला रबरी मास्क लावा. पॉलिएस्टर रेझिनच्या कामात सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लागतो, साधा कापडी मास्क कुचकामी. पॉलिएस्टरचा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे चष्मा न लावता ती बाटली उघडायचीही नाही. आणि रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचा कोबाल्टचा प्रवेगक वेगळा मिळत असेल तर तो आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होतो. प्रवेगक आधीच मिसळलेलं रेझिन घेतलं की ही भानगडच नको.

कापण्याआधी मोजा

हातात करवत आली की उत्साह अनावर होतो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. स्ट्रिंगरची उंची, त्यांच्यातलं अंतर, डेकची पातळी बोटीच्या आतल्या बाजूवर पक्क्या मार्करने लिहून ठेवा. जुने तुकडे फेकू नका, ते कितीही कुजलेले असले तरी नव्याचा साचा तेच आहेत.

करवतीचं पातं डेकच्या जाडीएवढंच खोल ठेवा. खाली इंधनाची टाकी, नळ्या आणि वायर असू शकतात. कडेला साताठ सेंटिमीटरची पट्टी शिल्लक ठेवून कापलं तर नवा डेक टेकवायला काठ मिळतो. सगळे स्ट्रिंगर एकदम उपटू नका. एक काढा, तो बसवा, मग दुसरा.

डेकखाली फोम असेल तर त्याचा एक तुकडा कापून पिळून बघा. पाणी निघालं तर तो काढायचाच. वर्षानुवर्षं भिजलेला फोम बोटीत शेकडो किलोंचं वजन लपवून बसलेला असू शकतो.

पॉलिएस्टर की इपॉक्सी?

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. पॉलिएस्टर स्वस्त, पटकन सुकणारं, उग्र वासाचं. जुनी बोट बहुधा त्याचीच बनलेली असते. इपॉक्सी महाग, पण जुन्या थरावर आणि लाकडावर त्याची पकड कितीतरी चांगली. माझं मत स्पष्ट आहे: ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि पाण्याखालची भोकं यांना इपॉक्सी वापरा, आणि पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा.

दोघांचे नियम वेगळे आहेत. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे एक किलो रेझिनला 10 ते 20 ग्रॅम. या मर्यादेत तो हवामानानुसार कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत तसं चालत नाही. डब्यावर 2:1 लिहिलं असेल तर 2:1 च, 5:1 असेल तर 5:1 च. जास्त हार्डनर घातल्याने ते लवकर सुकत नाही, चिकट आणि कमजोर राहतं. घाई असेल तर जलद प्रकारचा हार्डनर मिळतो, तो घ्या.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (कवचाचा सगळ्यात वरचा रंगीत, चकचकीत थर) धड चिकटत नाही, त्यामुळे जिथे शेवटी जेलकोट हवा तिथे आधीच विचार करा, नाहीतर रंग द्या. आणि काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची साधी मॅट इपॉक्सीला बहुधा उपयोगाची नाही, कारण तिचे धागे बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो. इपॉक्सीसाठी विणलेलं किंवा शिवलेलं बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं, काचेचं कापड घ्या.

रेझिन खोल डब्यात साठवून ठेवू नका. ते आपल्याच उष्णतेने तापतं, धुमसतं, डबा वितळतो. थोडंथोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता.

ट्रान्सम

बाहेरची कातडी शाबूत असेल तर ती ठेवायची आणि काम आतून करायचं. आतला थर कडेने कापून काढा, मग छिन्नी, पहार, ग्राइंडर, जे लागेल ते. कुजलेलं प्लायवूड वरच्या भागात चिवट आणि तळाशी चिखल, असं निघतं. शेवटचा पातळ थर 40 नंबरच्या डिस्कने घासा, बाहेरच्या कातडीला भोक न पाडता. खालचे कोपरे नीट साफ करा, कारण ओल तिथेच दडते. मग काही दिवस वाळू द्या.

अशा बोटींचा ट्रान्सम साधारण 38 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे 18-19 मिलिमीटरच्या दोन मरीन प्लायच्या फळ्या. बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा शिक्का असलेली प्लाय मिळाली तर उत्तम, त्यात पोकळ जागा नसतात. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी बसवून बघा, मग लाकूड कापा. फळ्यांच्या कडांना पातळ इपॉक्सीचे हात द्या. प्लाय पाणी पिते ती कडेनेच. कड पहिला हात शोषून घेते आणि पुन्हा कोरडी दिसते. ती चकचकीत राहीपर्यंत देत राहा.

आता मुख्य गोष्ट. सिलिकाची बारीक पूड मिसळून शेंगदाण्याच्या लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी पात्याने बाहेरच्या कातडीवर पसरा, फळी दाबा, वर दुसरी फळी. रुंद लाकडी पट्ट्या आडव्या लावून क्लॅम्प आवळा, कडेने सगळीकडून थोडं इपॉक्सी बाहेर येईपर्यंत. ते बाहेर आलं म्हणजे आत पोकळी राहिली नाही. पण इतकंही आवळू नका की सगळंच पिळून निघेल, इपॉक्सीला पातळ थर शिल्लक लागतो. सुकण्याआधी बाहेरून सरळ पट्टी टेकवून बघा. कातडी बाकदार राहिली तर इंजिन कायम वाकडं बसेल.

फळी आणि बोटीच्या बाजू यांच्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोल कड घाला, कारण कापड काटकोनात वळत नाही, मागे हवा राहते. मग कापडाचे थर. पहिला थर दोन्हीकडे दहा सेंटिमीटर, पुढचा त्याहून रुंद, असं पायऱ्यापायऱ्यांनी. कोरडं कापड पांढरं दिसतं, रेझिन मुरलं की पारदर्शक होतं. कुठे पांढरा डाग राहिला तर तिथे हवा आहे, रोलर फिरवा. रेझिन थबथबलेलं असू नये, जास्तीचं रेझिन फक्त वजन वाढवतं. इपॉक्सी सुकल्यावर वर कधीकधी मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा. उलट क्रमाने केलं तर तो थर पृष्ठभागात रगडला जातो आणि पुढचा रंग सुटतो.

इंजिनच्या बोल्टची भोकं थेट पाडू नका. गरजेपेक्षा बरंच मोठं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं पाडा. बोल्टभोवती प्लास्टिकसारखी नळी तयार होते आणि सीलंट उद्या फाटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. हीच पद्धत पुढे प्रत्येक क्लीट (दोरी बांधायचा खुंटा), प्रत्येक रॉड होल्डरला (गळाची काठी उभी ठेवायची नळी). कंटाळवाणं आहे खरं, पण हाच कंटाळा मागच्या कोणीतरी केला म्हणून बोट तुमच्याकडे अशी आली.

डेक बंद करण्याआधी बोट मनात सजवा

बोट आपल्या सोयीची करायची तर तो विचार याच टप्प्यावर, डेक उघडा असताना करायचा. नंतर सुचलं तर पुन्हा करवत.

पुठ्ठ्याची किंवा स्वस्त फळ्यांची खोटी खोकी बनवा: कन्सोल (बोट चालवायचं चाक बसवलेला खोका), शीतपेटी, जिवंत माशांची टाकी. बोटीत मांडा, गळाची काठी हातात घेऊन उभे राहा, मासा बाजूला आल्यासारखं वाका. गुडघा कुठे अडतो ते कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही.

वजनाचा हिशेब प्रामाणिक ठेवा. शंभर लिटरची माशांची टाकी पाण्याने भरली की शंभर किलोपेक्षा जास्तच, आणि ती अगदी मागे ठेवली तर बोट बसकी होते. जुन्या बोटी हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आखलेल्या असतात. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक सहसा जास्त वजनदार असतं. मागचा भाग खाली गेला की डेकचं पाणी बाहेर काढणारी भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलट आत येतं. त्यामुळे बॅटरी कन्सोलखाली हलवा, टाकी शक्यतो बोटीच्या मध्याजवळ. पुढे उंच फलाट बांधून गळ टाकणं रुबाबदार वाटतं, पण उभ्या माणसाचं वजन वर गेलं की छोटी बोट डुलते. फलाट हलका आणि शक्य तितका कमी उंच ठेवा.

माशांच्या टाकीचे आतले कोपरे गोल करा, मासे तोंड आपटून घेत नाहीत. बाहेर जाणारी नळी आत येणारीपेक्षा जाड हवी, नाहीतर एक पान किंवा खवला अडकला की टाकी डेकवर सांडते. शीतपेटीला सगळ्या बाजूंनी पन्नासेक मिलिमीटर फोम द्या, झाकणालाही. झाकण लोक विसरतात.

जिथे क्लीट, रॉड होल्डर किंवा खुर्ची येणार तिथे खालून जाड प्लाय किंवा फायबरच्या पट्टीचा आधार आत्ताच चिकटवून ठेवा. वायरींसाठी रुंद पाइप टाका, त्यात एक मोकळी दोरी ओढून ठेवा.

स्ट्रिंगर, फोम, डेक

स्ट्रिंगरला ट्रान्समसारखीच वागणूक: जुन्या मापाने कापणं, घट्ट इपॉक्सीत बसवणं, गोल कड, कापडाचे थर. पाणी मागे वाहायला त्यांच्यात भोकं लागतात. त्या भोकांत पीव्हीसी पाइपचे तुकडे चिकटवा म्हणजे उघडं लाकूड राहत नाही.

तरंगण्यासाठीचा फोम बंद पेशींचाच, म्हणजे सहजी पाणी न पिणारा, घ्या, घनता साधारण 32 किलो प्रति घनमीटर. त्याचे शंभर लिटर सुमारे 97 किलो भार तरंगता ठेवतात. फोम तळाला टेकवून भरू नका, खाली पाण्याला वाट ठेवा.

डेकची प्लाय बसवण्याआधी खालची बाजू आणि कडाही इपॉक्सीने बंद करा. वरून कापडाचा थर. दोन-तीन ठिकाणी हात जाईल एवढी, स्क्रूच्या झाकणाची तपासणी-भोकं ठेवा. दिसायला बरी नाहीत म्हणून काहीजण टाळतात. मग आत पाणी साचलं तरी कळत नाही.

भेगा आणि भोकं

जेलकोटच्या भेगा वाचता येतात. एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या असतील तर तिथे काहीतरी आपटलं होतं. समांतर रेषा असतील तर तो भाग वाकतो आहे, आधी मागून आधार द्या, नुसती पुट्टी भरून उपयोग नाही, पहिल्याच लाटेला त्या परत येतील. भेग व्ही आकारात उघडून भरा.

आरपार भोक असेल तर कडा तासून उतार करा. नियम 12:1. कवच 6 मिलिमीटर असेल तर उतार सगळ्या बाजूंनी सात सेंटिमीटरहून थोडा जास्त. खड्ड्याचा केवढा विस्तार झाला असं वाटेल, पण जोड ताकद धरतो ती याच उतारावर.

रंग

रंग द्यायलाच हवा असं नाही. फिकट पडलेल्या जेलकोटवर ओलं फडकं फिरवा. मूळ रंग खोल दिसला तर घासून चकाकी आणणारं कंपाउंड आणि पॉलिश यांनी काम भागेल.

रंगच द्यायचा तर आधी मेण उतरवणाऱ्या द्रवाने पुसा, नंतर घासा. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत भरतं. जुना पाण्याखालचा रंग कोरडा घासू नका, ओला घासा. जहाजांच्या जुन्या रंगांतलं विषारी ट्रायब्युटिल टिन 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे, पण जुन्या थरांत काय आहे ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

दोन भागांचं पॉलियुरेथेन सगळ्यात टिकाऊ, मात्र स्प्रे करू नका. त्यातले आयसोसायनेट साध्या काडतुसाच्या मास्कच्या भरवशावर सोडण्यासारखे नाहीत. फोमच्या रोलरने लावून लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच सारखं करा, छान गुळगुळीत येतं. संध्याकाळी दव पडतं आणि चमक मरते, म्हणून दुपार व्हायच्या आत हात संपवा. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर पाण्याखाली हा रंग चालत नाही, फोड येतात. तिथे इपॉक्सीचा अडसर थर आणि वर शेवाळ-शिंपले रोखणारा रंग. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला त्याची गरजच नाही.

वायर आणि इंधन

जुन्या वायरी जपून ठेवण्यात अर्थ नाही, सगळ्या काढा. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेली टोकं, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी. बॅटरीच्या धन टोकाजवळच मुख्य फ्यूज. बिल्ज पंपाचा, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा, तरंगता स्विच थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही पंप चालतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 12 मीटरहून लहान यांत्रिक बोटीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा आणि बाजूचे दोन दिवे पुरतात: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

पेट्रोलच्या बाबतीत शंका आली की नवं घ्या. अ‍ॅल्युमिनियमची टाकी फोममध्ये रुतलेली असेल तर ओलाव्याने बाहेरून खड्डे पडतात, आणि जुन्या फायबरच्या टाकीला इथेनॉल मिसळलेलं इंधन विरघळवतं. रबरी नळ्या वरून बऱ्या दिसल्या तरी बदला. बंद कप्प्यात टाकी असेल तर हवा येण्या-जाण्याची वाट हवीच, पेट्रोलची वाफ खाली साचते.

पाण्यात

पहिल्यांदा बोट उतरवाल तेव्हा ट्रेलरचा पट्टा सोडू नका. पाच मिनिटं तशीच तरंगू द्या आणि तपासणी-भोकातून टॉर्च मारून बघा. कोरडी असेल तर पाण्याचे भरलेले कॅन माणसांच्या आणि टाक्यांच्या जागी ठेवून ती कशी बसते ते बघा आणि पाण्याची रेषा पेन्सिलने आखून घ्या. डेकची निचरा-भोकं त्या रेषेच्या वर आहेत ना, ते आत्ताच कळतं. पहिली फेरी किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून, अर्ध्या वेगाने. परत आल्यावर बूच काढा आणि किती पाणी निघतं ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीला तो आकडा वाढत गेला तर इंजिनच्या बोल्टपासून शोध सुरू करा.